राईतलं वाळकं लाकूड

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या सरांच्या स्मरणार्थ वाचनालयाची ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हाला शाळेत भूगोल शिकवला. समोच्च रेषा फळ्यावर काढून त्यांचं समाधान होत नसे. पुढच्या रविवारी त्या रेषा ते आम्हाला चढायला लावत. सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झाला, त्याचं वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं, हे त्यांनी वर्गात सांगितलं. पण कठीण थराचा कडा होतो, ठिसूळ थर झिजून त्याचा पदर होतो, आणि पदरावर माती धरते म्हणून तिथं जंगल, वस्ती आणि वाट असते, हे मला घामाघूम होऊन एका पदरावर बसल्यावरच कळलं. दोन थरांच्या सांध्यातून पाणी पाझरतं. ते शोधायला सरांनी एक सोपी खूण सांगितली होती: कपारीत शेंदूर दिसला की आसपास ओल शोधा. सर स्वतः देव मानत नसत. शेंदराची खूण मात्र त्यांनी आम्हाला कधी विसरू दिली नाही.

‘डोंगर, पुस्तकं आणि श्रद्धा’ असा विषय मला दिला आहे. या तीन गोष्टी माझ्या आयुष्यात एकमेकींत इतक्या गुंतल्या आहेत की त्यांची कहाणी मला सुटी सुटी सांगता येणार नाही. त्यापेक्षा मला पुष्कळ वर्षं पुरलेला एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवते. जी श्रद्धा मला पटत नाही, तिनं राखलेल्या झाडांच्या सावलीत मी बसते, तिनं राखलेलं पाणी पिते. मग त्या श्रद्धेशी मी कसं वागावं?

भीमाशंकरच्या डोंगररांगेतलं एक गाव. नाव सांगत नाही, कारण जे सांगणार आहे ते त्या एका गावाचं नाही. पावसाळा सरून थंडी पडू लागली होती. आमचा मुक्काम देवराईच्या कडेला, पत्र्याच्या मंडपात. आत राई अशी दाट की संध्याकाळी पाचलाच तिथं दिवेलागण झाल्यासारखं वाटावं. गारंबीचे मांडीएवढे जाड वेल या झाडावरून त्या झाडावर गेलेले, वर शेकरूचं घरटं. चहा ठेवायला सरपण हवं होतं. दहा पावलांवर जांभळाची एक फांदी मोडून पडली होती, कडकडीत वाळलेली, एका काडीत पेटेल अशी. आमच्याबरोबर गावातले एक काका होते, महादेव कोळी समाजातले, वय साठीच्या पुढचं. ते त्या फांदीवरून पाय उचलून पलीकडे गेले, खाली आपल्या शेताच्या बांधापर्यंत उतरले, आणि अंधार पडल्यावर डोक्यावर काटक्यांचा भारा घेऊन वर आले.

मी विचारलं, “काका, इथं एवढं वाळकं पडलं होतं की.”

“ताय, ते न्हाय घ्यायाचं. पडलं तरी देवाचंच हाय.”

“घेतलं तर काय होतं?”

काका चूल मांडत होते. तीन दगड नीट बसले तसे म्हणाले, “देव काय लगी धावून येत न्हाय. पर आज तुमी फांदी न्याल, उद्या दुसरा खोड नेईल.”

एवढं बोलून ते फुंकर घालायला वाकले. सामूहिक मालकीच्या जंगलांविषयी मी नंतर पुष्कळ वाचलं. पण बंधन पाळलं नाही तर पुढे काय काय घडत जातं, याची इतकी नेमकी मांडणी मला क्वचितच कुठे भेटली. काका देवाला मानत होते, त्याला घाबरतही असतील. तरी देवानं काय करायचं आणि माणसानं काय करायचं, हा हिशेब त्यांच्या डोक्यात अगदी स्वच्छ होता.

वाळलेलं लाकूड जागेवर राहिलं की काय होतं, ते राईत फिरताना दिसतं. त्यावर अळंबी उगवते, वाळवी लागते, किडे पोखरतात, सुतार पक्षी भोकं पाडतो. जुन्या झाडाची ढोली धनेशाला घरट्यासाठी मिळते. बाहेरच्या जंगलात सरपणासाठी सगळं उचललं जातं, तिथं हे सगळं बंद पडतं. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ या दोघांनी पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला आणि १९७६ साली त्यावरचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्या अभ्यासाच्या काळातली श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावची हकिगत गाडगीळांनी लिहिली आहे. गावची राई तोडीसाठी आखली गेली होती आणि गावकऱ्यांना ती वाचवायची होती. का, असं विचारल्यावर त्यांनी ओढ्याचं पाणी दाखवलं. आसपासचं जंगल गेलं तसे इतर ओढे आटले, राईजवळचा तेवढा वाहता राहिला, असं त्यांचं म्हणणं होतं. 

आता त्याच मुक्कामातली दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगते.

पाणी आणायला राईतल्या झऱ्यावर जायचं होतं. निघताना काकांच्या घरातल्या मावशींनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “ताई, काई अडचण न्हाय ना?” इथं बसलेल्या बायकांना हा प्रश्न समजावून सांगायला नको. मी खरं ते सांगितलं. मावशींनी राईच्या कडेच्या शेंदरी दगडाकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, “मंग तू हितं बस माझ्यापाशी.” बरोबरची पोरं हंडे-कळशा घेऊन आत गेली. मी दगडाच्या अलीकडे बसले. रात्री ज्या नियमानं मी भारावून गेले होते, त्याच देवाचा, त्याच गावाचा, त्याच घरातून आलेला हा नियम होता. आणि कारण विचारलं तेव्हा पुन्हा देवाचंच नाव आलं: “देवाला चालत न्हाय.”

मी उठून आत जाऊ शकले असते. कोणी हात धरला नसता. पण त्या गावाचं अन्न मी खाल्लं होतं, मावशींना माझ्यामुळे घरात बोल लागला असता, आणि मुख्य म्हणजे माझा प्रश्न एका पावलानं सुटणारा नव्हता. मी बसून राहिले. मावशी मात्र बोलत होत्या. झरा वैशाखात किती बारीक होतो, कोणत्या वर्षी तो दोन हात खाली सरकला, हिरड्याला यंदा मोहर कसा होता, राईचा कोणता कोपरा वाऱ्यानं उघडा पडला, हे सगळं त्यांना ठाऊक होतं. महिन्यातले काही दिवस जिला आत जायची मनाई, तिला त्या राईची खडान्‌खडा माहिती. याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

अशा वेळी मला पुस्तकांचा आधार झाला. उत्तरं आयती मिळाली म्हणून नव्हे, तर माझ्याआधी याच वाटांवरून चाललेली, माझ्यापेक्षा अधिक धीट माणसं त्यांत भेटली म्हणून.

पहिल्या इरावतीबाई कर्वे. ‘परिपूर्ती’तला ‘वाटचाल’ हा लेख तुमच्यापैकी पुष्कळांनी वाचला असेल. मानववंशशास्त्राची ही विदुषी पंढरीच्या वारीत दिंडीबरोबर पायी चालली. वारीतला आनंद, मोकळेपणा, बायांचे स्वभाव, चिखल, गाणी हे सगळं तिनं मनापासून लिहिलं. आणि त्याच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे चालताना बरोबर असतात पण जेवताना वेगळे बसतात, हेही तिनं तितक्याच स्पष्टपणे लिहिलं. त्या भेदाचं दुःख तिला सोसवत नव्हतं, तरी ती दिंडी सोडून गेली नाही. दोन्हीकडच्या माणसांत जात-येत राहिली. दगडाच्या अलीकडे बसल्याच्या त्या सकाळनंतर मी हा लेख पुन्हा वाचला. शाळेत असताना मला तो वारीचं वर्णन वाटला होता. आता त्यात एका बाईची अवघड जागा दिसली: ज्या माणसांवर जीव जडला, त्यांचीच एक गोष्ट अजिबात मान्य नाही, आणि दोन्ही भावना खऱ्या.

दुसरे दामोदर धर्मानंद कोसंबी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणित, राहायला पुण्यात, आणि सवड मिळाली की भोवतालच्या टेकड्या. त्यांचं ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ १९६२ साली आलं. ते मराठीतही आहे. म्हसोबा, वेताळ, सटवाई, बोल्हाई अशा शेंदूर फासलेल्या ठाण्यांचा माग काढत हा माणूस पायी हिंडला. अनेक ठाण्यांजवळ त्यांना गारेची बारीक पाती सापडली, अश्मयुगातल्या माणसांनी घडवलेली. त्यांनी मांडलं ते असं की गुरं-मेंढरं घेऊन ऋतूप्रमाणे फिरणाऱ्या टोळ्यांच्या वाटा जिथं मिळत, तिथं सटवाई-बोल्हाईसारख्या आया वसल्या. शेती आणि गावं पुष्कळ नंतरची. त्यांच्या काही अनुमानांवर अभ्यासकांनी हरकती घेतल्या आहेत आणि घ्यायलाही हव्यात. माझं कोसंबींवर प्रेम आहे ते त्यांच्या पद्धतीमुळे. ते कशावरही विश्वास ठेवत नव्हते, पण धनगराला, गुरवाला, रानात गोवऱ्या वेचणाऱ्या बाईला ते गंभीरपणे प्रश्न विचारत होते आणि तिचं उत्तर तिथल्या दगडांशी ताडून पाहत होते. श्रद्धेची टवाळी करणारे मी पुष्कळ पाहिले, तिच्यापुढे डोळे मिटणारे त्याहून जास्त. तिला प्रश्न विचारायला डोंगर चढणारे थोडे.

आणि गो. नी. दांडेकर, म्हणजे अप्पा. त्यांच्या ‘दुर्गभ्रमणगाथे’नं मराठी मुलांच्या किती पिढ्यांना गडावर नेलं असेल! राजमाचीच्या माचीवर एकट्यानं राहायला आलेल्या बुधाची त्यांनीच लिहिलेली गोष्ट वाचून मी पहिल्यांदा रात्र उघड्यावर काढली. अप्पा श्रद्धाळू होते. गड त्यांच्यासाठी तीर्थ होते, तिथली माती कपाळाला लावण्याची. माझा पिंड तसा नाही. सरांचा तर नव्हताच. तरी सरांच्या पिशवीत गडावर जाताना हमखास निघे ते पुस्तक गोनीदांचं. दुसरं पुस्तक जुनं गॅझेटियर. एकाच बुरुजावर बसून ते दोन्हींतले उतारे वाचून दाखवत आणि मग विचारत, यातलं काय दिसतंय तुम्हाला? १८१८ साली इंग्रजांनी गडांच्या वाटा सुरुंगानं उडवल्या, त्या तुटक्या पायऱ्या आम्ही हातांनी चाचपत चढलो होतो. त्यामुळे गॅझेटियरचा थंड सूर आणि अप्पांचा गहिवर, दोन्हींचं मोल आम्हाला तिथंच कळत होतं.

चकव्याचीही गोष्ट सांगायला हवी. रानात चकवा लागतो, माणूस रात्रभर त्याच झाडाभोवती फिरत राहतो, असं गावोगाव मानतात. त्यावर जुनी माणसं सांगतात ते असं: चकवा लागला की चालू नये, आहे तिथं बसावं, उजाडू द्यावं. वाट चुकलेल्याला आजचा गिर्यारोहणाचा प्रशिक्षक नेमकं हेच सांगतो. धुक्यात, अंधारात, घाबरलेल्या मनानं चालत राहणारा माणूस कड्यावरून जातो; बसून राहिलेला सकाळी सापडतो. चकवा नावाचं भूत मी मानत नाही. त्या भुताच्या नावानं दिलेली सूचना पाळते आणि माझ्याबरोबरच्या मुलांना पाळायला लावते.

या सगळ्यातून मला उत्तराची दिशा मिळाली, पण ती पक्की झाली जुन्नरला.

जुन्नरच्या परिसरात दोनशेच्या वर बौद्ध लेणी आहेत. लेण्याद्रीला अष्टविनायकांतला गिरिजात्मज बसला आहे, तो बौद्ध भिक्खूंच्या विहारात. तुळजा लेण्यात गोल चैत्यगृह आहे, बारा खांबांचं, आणि त्याच लेणीसमूहात देवीचं ठाणं आहे. तिथून नाणेघाटाकडे निघालं की घाटमाथ्यावर खिंडीच्या तोंडाशी एक लेणं लागतं. कोकणातून, कल्याणच्या बंदराकडून येणारा माल याच घाटानं वर चढे. जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण अजून तिथं आहे. लेण्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख कोरला आहे, दोन हजार वर्षांहून जुना. सातवाहनांची राणी नागनिका हिचा म्हणून तो ओळखला जातो. सुरुवातीला धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य आणि दिक्पाल यांना वंदन आहे. पुढे यज्ञांची आणि दक्षिणेची यादी: गाई, घोडे, हत्ती, कार्षापण. भारतात सापडलेल्या सर्वांत जुन्या कोरीव अंकांत या लेखातल्या अंकांची गणना होते. मागच्या भिंतीशी राजघराण्यातल्या व्यक्तींचे पुतळे होते. आता वर नावं राहिली आहेत आणि खाली पावलांच्या खुणा.

त्या लेण्यात दुपारच्या उन्हाची तिरीप भिंतीवर येते तेव्हा अक्षरांच्या कडा उठून दिसतात. मी अक्षरांना हात न लावता जवळ वाकून पाहिलं. वरच्या नावांत राणीचं नाव आहे, राजाच्या नावाच्या जोडीनं. यज्ञ करणाऱ्या राजघराण्याचा लेख घाटात, आणि त्याच मुलखातल्या डोंगरांत व्यापाऱ्यांनी, कारागिरांनी दिलेल्या दानांवर कोरलेली बौद्ध लेणी. पुढे त्यांतल्या काहींत गणपती आला, देवी आली. देव बदलले, पूजा बदलली, कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला नाही तेही बदललं. मग माझ्या त्या देवराईतल्या देवाचे सगळे नियम अनादि आणि अखंड आहेत, त्यातला एक काढला तर सगळे कोसळतील, हे मी का मानावं?

माझं म्हणणं एवढंच आहे. श्रद्धेनं घातलेल्या बंधनांकडे बघताना ती कशावर घातली आहेत, हे आधी पाहायला हवं. लाकूड उचलू नका, राईत कुऱ्हाड नेऊ नका, झऱ्यात भांडं विसळू नका, ही बंधनं माणसाच्या हावेवर आहेत आणि ती सगळ्यांना सारखी लागू आहेत. पाटलालाही आणि मलाही. बाईनं आत येऊ नये, अमक्या जातीच्या माणसानं पायरी चढू नये, ही बंधनं माणसावर आहेत आणि ती निवडक माणसांनाच लागतात. पहिली मी देव न मानता पाळते आणि पाळीन. दुसरी मला मान्य नाहीत, ती कोणत्याही देवाच्या नावानं येवोत. दोन्ही एकाच गाठोड्यात बांधून आली म्हणून गाठोडं जसंच्या तसं डोक्यावर घ्यायचं किंवा दरीत फेकायचं, असे दोनच रस्ते आहेत असं मला कोणीही सांगू नये.

काही वर्षांनी मी त्या गावात पुन्हा गेले. काका राहिले नव्हते. राईच्या मधोमध सिमेंटचं देऊळ उभं राहिलं होतं, फरशी, शिखर, रंगीत कमान, ध्वनिक्षेपक. मुंबईत नोकरीला गेलेल्या मुलांनी पैसे जमवून जीर्णोद्धार केला होता. त्यांचं गावावर प्रेम आहे, त्याबद्दल मला शंका नाही. पण देवळासाठी आणि गाडीरस्त्यासाठी झाडं गेली होती, गारंबीचा वेल गेला होता. उघड्यावर बसलेला आपला देव पाहून पोरांना वाईट वाटलं, त्यांनी त्याला छप्पर दिलं. आणि छप्पर देताना त्याचं घर मोडलं. दाराशी ऑइलपेंटनं रंगवलेला नियमांचा फलक होता. त्यात लाकडाबद्दल, कुऱ्हाडीबद्दल, झऱ्याबद्दल एक अक्षर नव्हतं. बायकांनी कधी येऊ नये, ते मात्र ठळक लिहिलं होतं.

श्रोतेहो, त्या फलकापुढे मी बराच वेळ उभी होते. गाठोडं आपोआप सुटतं, त्यातलं काही गळतं आणि काही उरतं, हे मला तिथं दिसलं. काय गळावं आणि काय उरावं हे आपण ठरवलं नाही, तर असं होतं: काकांचा नियम जातो आणि मावशींना अडवणारा राहतो. हे फक्त आडरानातल्या राईत घडत नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात स्थान दिलं, आपल्या सगळ्यांचा ऊर भरून आला. गडांवर आता गर्दी वाढेल, जयजयकार वाढेल. पण गडावरची श्रद्धा टाक्यातल्या पाण्यात बाटली टाकणारा हातही आवरत नसेल, तर तिचा गडाला काय उपयोग?

म्हणून मला या वाचनालयाकडे एक मागणी करायची आहे. जैवविविधता कायदा २००२ सालचा आहे. त्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. २००६ च्या वनहक्क कायद्यानं ग्रामसभेला आपलं सामूहिक वन राखण्याचा, जोपासण्याचा हक्क दिला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखानं तो २००९ मध्ये मिळवून दाखवला. देवरायांचे नियम आजवर तोंडी चालत आले. जे तोंडी आहे ते एका पिढीत पुसलं जातं, आपण पाहिलं. ते नियम ग्रामसभेत बसून, बायकांसह बसून, एकेक करून पुन्हा तपासावेत आणि जे ठेवायचे ते नोंदवहीत लिहावेत. लाकडाचा नियम ठेवायचा का? झऱ्याचा ठेवायचा का? बायकांचा ठेवायचा का? मला खात्री आहे, मावशींसारख्या बायका त्या सभेत बोलत्या झाल्या तर पहिले दोन एकमतानं राहतील. तिसऱ्यावर भांडण होईल. ते व्हायलाच हवं, आणि ते शहरातून आलेल्या माझ्यासारखीनं न करता गावातल्या मुलींनी करावं. आपण त्यांच्या पाठीशी उभं राहावं.

या तालुक्यातल्या देवरायांची यादी सरांनी करायला घेतली होती. त्यांच्या वह्या घरच्या मंडळींनी वाचनालयाला दिल्या आहेत, मी त्या पाहिल्या. गावाचं नाव, देवाचं नाव, राईची चतु:सीमा, पाण्याची जागा, मोठी झाडं असे रकाने त्यांनी आखले आहेत. “माहिती सांगणारी व्यक्ती” या रकान्यात बहुतेक ठिकाणी पुरुषांची नावं आहेत. पुढची फेरी करताना तो रकाना आपण बायकांच्या नावांनी भरायचा आहे. पाऊस सुरू झाला की खालच्या वाड्यांच्या वाटा निसरड्या होतात, म्हणून मेअखेरपर्यंतचे रविवार हाताशी आहेत. ज्यांना यायचं असेल त्यांनी व्याख्यानानंतर ग्रंथपालांच्या टेबलापाशी आपलं नाव आणि गाव लिहून द्यावं. ज्यांची आजी किंवा आई डोंगरातल्या गावी राहते, त्यांनी आधी यावं.